नजरेसमोरचं माणूस

मोठीबाय उभ्या माणसाशी बोलत नसे. कोणीही येवो, अंगणातून ओट्यावर पाय ठेवला की ती चटईकडे बोट करायची आणि म्हणायची, "आदी बस. मग बोल." तलाठी बसला, विजेचं मीटर वाचणारा बसला, मतं मागायला आलेला कडक इस्त्रीतला उमेदवारही बसला. त्याला मांडी घालता येईना. गुडघे पोटाशी घेऊन तो कसाबसा तिरका टेकला, तेव्हा मोठीबायने त्याच्या पाठीमागे उशी सरकवली आणि म्हणाली, "हां, आता दिसलास. सांग, काय करनार हायस?" तो काय करणार होता ते मला आठवत नाही. उठला तेव्हा त्याच्या पांढऱ्या विजारीला चिकूच्या चिकाचा डाग पडलेला होता, तेवढं आठवतं.

तिला ज्यांनी पाहिलं आहे त्यांना यामागचं कारण सांगायला नको. विक्रमांच्या नोंदी ठेवणाऱ्या एका पुस्तकात तिचं नाव होतं: कोकणपट्टीतली सर्वांत कमी उंचीची प्रौढ स्त्री. उंचीचा आकडा मी इथे लिहिणार नाही, कारण तो कोणी बोलला की तिच्या कपाळाला आठी पडायची. एवढंच सांगते, की नळाखाली एकावर एक दोन हंडे ठेवले तर वरच्या हंड्याचं तोंड तिच्या डोक्याच्या वर यायचं. "उब्या मानसाशी बोलायचं म्हंजे त्याच्या पट्ट्याशी बोलायचं," ती म्हणायची. "पट्टा काय हो-नाय करतो काय?"

त्यांची वाडी आणि आमची वाडी यांच्यामध्ये जास्वंदीचं कुंपण होतं, अजूनही आहे. चार भावंडांत ती थोरली, म्हणून मोठीबाय. धाकट्या दोन्ही बहिणींची लग्नं तिने जमवली, नवरे मुलगे तिने पारखले. एकाला तर तिने ओट्यावरून परत पाठवला होता, का, तर तो चटईवर बसायच्या आधी रुमाल अंथरत होता. आई गेल्यावर घराच्या किल्ल्या तिच्या कमरेला आल्या. नंदूकाका, म्हणजे तिचा भाऊ, कुंभवलीच्या बाजूला एका कंपनीत जनरल शिफ्टला होता. दणकट, उंच, मिशीवाला माणूस. पण घरी आल्यावर जेवणाचा डबा धुऊन ठेवला नाही, तर मोठीबाय एवढंच म्हणायची, "नंद्या." आणि नंद्या उठायचा.

त्यांच्या वाडीच्या मागे भाड्याच्या खोल्या होत्या. बोईसरला कंपन्या वाढल्या तशा आमच्याकडे अशा खोल्या घरोघर झाल्या. तिथे बिहारकडचा एक वेल्डर राहायला आला. पहिल्या दिवशी तो किल्ली मागायला ओट्यापाशी आला, तर समोर पाठमोरी मोठीबाय. तो प्रेमाने म्हणाला, "बेटा, घर में कोई बड़ा है क्या?" मोठीबाय वळली. केस पिकायला लागलेले, कपाळावर कुंकवाएवढा जन्माचा डाग. "है ना," ती म्हणाली. "मैंच बड़ी है. बैठो." तो जो बसला, तो पुढे खोली सोडून सालवडला गेला तरी सणाला येऊन बसायचा. त्यानेच तिला कंपनीतल्या भंगारातल्या लोखंडाची तीन पायऱ्यांची घडवंची करून दिली. ती चुलीपाशी, बेसिनपाशी, देवापाशी अशी घरभर तिच्यामागे फिरायची. मोठीबाय तिला "माजा घोडा" म्हणायची.

आळीतलं प्रत्येक मूल कधी ना कधी मोठीबायच्या पुढे जायचं. ते फार लवकर व्हायचं. मूल धड बोलायलाही लागलेलं नसायचं. मग आई त्याला घेऊन ओट्यावर यायची. मोठीबाय त्याला पाठीला पाठ लावून उभं करायची, आणि डोक्यावर सुमनकाकी, नंदूकाकाची बायको, हात फिरवून निवाडा द्यायची. मूल पुढे गेलेलं असलं की मोठीबाय त्याच्या हातात राजगिऱ्याचा लाडू ठेवायची आणि त्याला दम द्यायची, "गेलास ना पुडं? आता मला सांबाळून चालायचं. धक्का मारायचा नाय." माझा लाडू मला आठवत नाही, आई सांगायची. आई म्हणायची, त्या दिवशी तू रडलीस, तुला मोठीबायबरोबरच राहायचं होतं.

मुलांच्या उंचीचं तिला कौतुक होतं, पण स्वतःला मोजून घेणं तिला सोसत नसे. त्याचंही कारण होतं. आमच्या गावात जुन्या बायका देवीला अंगाएवढा दोरा बोलतात. मुलाला डोक्यापासून पायापर्यंत दोऱ्याने मोजायचं, त्या दोऱ्याची वात वळायची आणि यात्रेला देवीपुढे जाळायची. म्हणजे अंगातलं दुखणं जळतं. मोठीबायच्या आईने दर यात्रेला तिचा दोरा मोजला. वात जळत गेली, दोरा वाढला नाही. शेवटी एका वर्षी, वयात आलेली मोठीबाय अंगणात बसून राहिली आणि म्हणाली, "आये, यंदा दोरा नको."

"का गो?"

"देवीला माजं माप तोंडपाट झालं आसंल."

आई हसली, मग पदर तोंडाला लावून आत गेली. त्यानंतर दोरा बंद झाला. ही गोष्ट मोठीबायने मला सांगितली तेव्हा ती मोगऱ्याच्या कळ्या काढत होती आणि मी पायरीवर पुस्तक घेऊन बसले होते. ती मोगऱ्याच्या झुडपांत आतून शिरायची. वरच्या कळ्या सगळ्यांना दिसतात. पानांच्या खाली, खोडाजवळच्या कळ्या तिच्याच नजरेला पडायच्या. झुडूप हलायचं आणि आतून आवाज यायचा, "पुस्तकवाले, काय लिवलंय त्यात? आमच्यासारकं कोन हाय काय?" मी शोधायचे. राजवाड्यातले विदूषक सापडायचे, सर्कशीतले सापडायचे, राक्षसाला फसवणारे सापडायचे. आपल्या ओट्यावर बसून भावाला डबा धुवायला लावणारं कोणी सापडलं नाही. तिला तसं सांगितलं की आतून उत्तर यायचं, "मग बंद कर. कळ्या येच."

पुस्तकात तिचं नाव गेलं ते नंदूकाकाच्या हौसेने. त्याच्या कंपनीतल्या कोणीतरी तिचा फोटो पाहिला, कुठेतरी पाठवला आणि एक दिवस नोंदी ठेवणारी मंडळी डॉक्टरला घेऊन गावात आली. मोठीबायने त्यांना बसवलं, चहा दिला आणि नकार दिला. नंदूकाका तिच्यासमोर मांडी घालून बसला. "मोटे, एकदाच. आपल्या घरानं काय केलंय आजवर? चिकू लावले. तुजं नाव तरी छापून येऊ दे." तिने भावाकडे पाहिलं आणि म्हणाली, "घ्या माप. डोळे मिटून उबी राहते." तिला उभं मोजलं, आडवं मोजलं. पुढे प्रमाणपत्र आलं. नंदूकाकाने त्याला सोनेरी चौकट केली आणि बैठकीच्या खोलीत, वडिलांच्या तसबिरीच्याही वर, छताजवळ टांगलं. सगळी आळी बघून गेली. आठवडाभराने मोठीबाय मला म्हणाली, "वर काय लिवलंय ते वाचून दाकव गो. ज्याचं नाव हाय त्याला सोडून सगळ्यांना दिसेल, आशा ठिकानी लावलंय आमच्या शान्यानं."

मग उद्घाटनं सुरू झाली. बोईसरला मोबाइलचं दुकान, बेटेगावच्या रस्त्याला मिठाईचं दुकान, पालघरला कोणाचा तरी वाढदिवस. मोबाइलच्या दुकानात फीत दुकानदाराच्या छातीच्या उंचीवर बांधलेली होती. हे कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं. दुकानदाराने हसत हसत तिला दोन्ही बगलांत हात घालून उचललं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मोठीबायने फीत कापली, खाली उतरली आणि कात्री त्याच्या हातात देऊन म्हणाली, "तुज्या आईला असं उचलशील काय, न विचारता?" नंतर ती कुठेच गेली नाही. नंदूकाकाने चार दिवस तोंड पाडलं. पण गावात त्याला "विक्रमवाल्या मोठीबायचा भाऊ" म्हणत, ते त्याला फार गोड वाटायचं, आणि तिलाही ते ठाऊक होतं.

आता मी जे सांगणार आहे त्यासाठीच खरं तर लिहायला बसले.

दिवाळीच्या आधी नंदूकाकाला त्या मंडळींचा फोन आला. जव्हारच्या बाजूला, डोंगरातल्या एका पाड्यावर जानकी नावाची बाई आहे. वय तिशीच्या आसपास. ती मोठीबायपेक्षाही लहान असावी, असं तिकडचे लोक म्हणतात. दोघींना एकाच दिवशी, एकाच डॉक्टरसमोर मोजायचं ठरलं आहे. तुम्ही आला नाहीत तर सक्ती नाही, नोंद आहे तशी राहील. नंदूकाका फोनवर म्हणाला, "आमी नाय येत. ताईची तब्येत बरी नसते." त्याने फोन ठेवला तर मोठीबाय दारात उभी.

"कोन जानकी?"

त्याने सांगितलं. तो समजूत घालायच्या सुरात म्हणाला, "तू काळजी करू नको. आपन जायचंच नाय. गेलो नाय तर नाव आपलंच."

"चालते काय ती?"

"मला काय म्हाईत!"

"बोलते? लगीन झालंय?"

"मोटे, ती तुजं नाव घ्यायला बसलीय, नि तू तिची सोयरीक विचारतेस?"

संध्याकाळी मी बोईसरहून, ज्या शाळेच्या ग्रंथालयात मी काम करते तिथून परतले, तर मोठीबाय कुंपणापाशी माझी वाट बघत होती. मी पायरीवर बसले. "नंद्याला सांग," ती म्हणाली, "मला जायचंय."

मी विचारलं, विक्रम टिकवायला का? ती माझ्याकडे कीव आल्यासारखी बघत राहिली. मग हळूहळू बोलली. "हे बग. माज्या नजरेसमोर आजवर पोटं आली, नि पोरं आली. पोरं दोन दिसांत वर गेली. मोट्या मानसांच्या मला नाकपुड्या म्हाईत. बसवते तवा तोंड दिसतं, पन ते बसलेलं तोंड. त्याचं त्याला अवगडलेलं असतं. उबं राहून, सरळ नजरेत, शानं मानूस कसं दिसतं, ते मला ठाऊक नाय गो. आता एक हाय म्हनतात. इतक्या जवळ हाय. मी जाऊ नको?"

मी नंदूकाकाला सांगितलं. मी त्याला खरं तेच सांगितलं, पण त्याने त्याच्या मनातलंच ऐकलं. "म्हंजे तिलाबी नाव सोडायचं नाय!" तो खूश झाला आणि तयारीला लागला. कुठेतरी त्याने ऐकलं होतं, की माणूस सकाळी लांब असतं आणि दिवसभर उभं राहून संध्याकाळपर्यंत दबतं. त्याने मंडळींना सांगून मोजणी दुपारनंतरची ठरवून घेतली. अंबाडा बंद. डोक्याला तेल चोपडून केस चप्प बसवायचे. त्या दिवशी सकाळपासून तो तिला जरा टेकू देईना. सुमनकाकीला आणि मलाही त्याने बरोबर घेतलं. पालघरला जाताना गाडीत तिचे डोळे मिटायला लागले तसा तो मागे वळून ओरडला, "मोटे, झोपू नको हां! झोपलीस की वाडशील."

"पन्नास वर्सं झोपले," मोठीबाय म्हणाली, "तवा नाय वाडले. आज वाडनार?"

मोजणीसाठी पालघरच्या एका मंगल कार्यालयाचा हॉल घेतला होता. व्यासपीठावर नवरा-नवरीच्या दोन मोठ्या लाल खुर्च्या तशाच होत्या, आणि एका खुर्चीत जानकीला बसवलेलं होतं. तिचे पाय सरळ समोर आलेले, नजर मांडीवर. बाजूला तिची आई खाली फरशीवर बसली होती. आमच्या मागून कोणीतरी मोठीबायला दुसऱ्या खुर्चीत ठेवायला पुढे आला. तिने हात वर करून त्याला थांबवलं आणि जानकीच्या आईला म्हणाली, "तिला खाली घे गो, बाय. मला तिच्याशी बोलायचंय."

आईने जानकीला खाली ठेवलं. दोघी समोरासमोर आल्या.

त्या दिवशी मोठीबाय "बस" म्हणाली नाही. दोघी उभ्याच राहिल्या. माझ्या जन्मापासून मी मोठीबायला मान मागे टाकून बघताना पाहिलं होतं. तिच्या मानेमागे त्याची एक घडीच पडलेली होती. ती घडी उलगडली, तेव्हा ती मला अनोळखी बाई वाटली. ती जानकीकडे बघतच राहिली. जानकीही बघत होती, आधी घाबरून, मग नुसतीच. मंडळींपैकी कोणी फोटो काढू लागलं, कोणी "हात मिळवा, हात मिळवा" म्हणू लागलं. त्या दोघींनी ऐकलं नाही.

"तुज्या भुवया जुळल्यात गो," शेवटी मोठीबाय म्हणाली.

जानकीने कपाळाला हात लावून पाहिला. "माला कोनी सांगला नाय," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, "तुज्या कपालाला डाग हाय."

"जल्माचा हाय तो."

एवढंच. मग दोघी एकदम हसायला लागल्या. कशाला हसतात ते कोणालाच कळेना. सुमनकाकीने घरून चटई आणली होती. ती खुर्च्यांच्या मागे, पडद्याच्या आडोशाला अंथरली आणि दोघी तिथे जाऊन बसल्या. मला आणि जानकीच्या आईला तिथे बसायची परवानगी मिळाली, कारण आम्ही गप्प बसणाऱ्या होतो. त्यांच्या गप्पांत देव नव्हता, नशीब नव्हतं. एसटीची पायरी कशी चढतेस, चप्पल कुठून आणतेस, गर्दीत कोणाच्या पिशवीचा मार नाकावर बसतो तेव्हा काय करतेस, असलं चाललं होतं. मध्येच जानकीने आवाज खाली केला.

"बाय, तुला कोंबड्याचा भेव वाटं का?"

मोठीबायने इकडेतिकडे पाहिलं. "कोनाला सांगू नको," ती म्हणाली. "मरनाचा."

"तो डोल्यात डोला घालून बघं."

"नि मान अशी, अशी करतो मेला! जसा काय आपल्यालाच इचारतोय, तू कोन गो?"

त्यांच्या घरी कोंबड्या नव्हत्या. घाण करतात म्हणून मोठीबायने पाळू दिल्या नाहीत, असं आम्ही आयुष्यभर समजत होतो. सुमनकाकी लग्न होऊन आली तेव्हा माहेरचा कोंबडा घेऊन आली होती, तो मोठीबायने दुसऱ्याच दिवशी शेजारी देऊन टाकला, यावरून काकी आजवर रुसलेली होती. इतक्या वर्षांत ती हे कोणाला बोलली नव्हती. आम्हाला काय बोलणार? आम्ही कोंबड्याला पायाने बाजूला सारणारी माणसं.

मोजणीसाठी हाका येऊ लागल्या, त्यांना उठायचं नव्हतं. अखेर मोजणी झाली. दोघींना टेबलावर आडवं निजवलं, मग भिंतीला टेकून उभं केलं. डॉक्टरांनी पुन्हा एकदा करून पाहिलं. जानकी मोठीबायपेक्षा बोटभर लहान निघाली. टाळ्या झाल्या. नंदूकाका मागच्या रांगेत उभा होता, तो बाहेर निघून गेला.

जानकीचा चेहरा मात्र पडला. टाळ्या वाजवणाऱ्यांकडे न बघता ती मोठीबायजवळ आली. "बाय, माज्यामुले तुजा नाव गेला ना?"

"जाऊ दे," मोठीबाय म्हणाली. "छताला लावलेलं. मला कुटं दिसत होतं?"

परतीच्या वाटेवर नंदूकाका सगळा वेळ खिडकीबाहेर बघत होता. मोठीबायने गाडीच्या मागच्या सीटवर पाय पसरले, माझ्या मांडीवर डोकं ठेवलं आणि म्हणाली, "आता झोपते. वाडू दे काय वाडायचं ते." समोर बसलेल्या नंदूकाकाचे खांदे हलायला लागले. आधी वाटलं रडतो आहे, पण तो हसत होता.

त्यानंतर जानकी दोनदा आमच्या गावी येऊन राहिली. तिची माणसं पावसाळ्यात पाड्यावर असतात, नाचणी-वरी लावतात, आणि दिवाळी झाली की वीटभट्टीवर कामाला बाहेर पडतात. जानकीला भट्टीवर काम नसे. ती झोपडीत बसून लहान पोरं सांभाळायची. म्हणून मोठीबायने तिच्या आईला निरोप धाडला होता, तिला माझ्याकडे ठेवा, मला कळ्या काढायला जोडीदारीण हवी आहे. आई म्हणाली, आणते, आणते. पण जानकीवर सोपवलेली पोरं कोण बघणार, हा प्रश्न होता. त्यामुळे ती आली ती पाहुण्यासारखी, एकदा गौरीच्या दिवसांत आणि एकदा लावणी उरकल्यावर.

ते दिवस मला आज फार आठवतात. मोगऱ्याच्या दोन झुडपांतून दोन आवाज यायचे. मोठीबाय मुलीसारखी हसायची. तिचं हसणं मी लहानपणापासून ऐकत आले होते, पण हे हसणं वेगळं होतं, त्यात कोणाला बरं वाटावं म्हणून हसणं नव्हतं. मी कुंपणाच्या अलीकडे पुस्तक उघडून बसायचे आणि वाचायचे नाही. मला कोणी हाक मारत नसे, पुस्तकात काय लिहिलं आहे ते विचारत नसे. त्याचं थोडं दुःख व्हायचं, खोटं कशाला सांगू. पण उठून जावंसंही वाटायचं नाही.

"मी मेल्यावर ही माजी मोगरी तुजी," मोठीबाय तिला म्हणायची.

"तू कवा मरशील?" जानकी विचारायची.

"तू राहायला येशील त्याच्या दुसऱ्या दिवशी. तवर नाय मरायची."

गेल्या हिवाळ्यात मोठीबायचा श्वास लागायला लागला. छातीचा पिंजरा लहान, वय झालेलं, डॉक्टर म्हणाले. तिला बोईसरच्या दवाखान्यात ठेवलं. खाटेवर ती एका कोपऱ्यात होती आणि बाकीची खाट रिकामी. तोंडाला लावायचा मास्क लहान मुलांच्या वॉर्डातून आणावा लागला. दवाखान्यात सगळी माणसं उभी असतात. डॉक्टर उभे, नर्स उभ्या, भेटायला आलेले उभे. ती डोळे मिटून घ्यायची. मी स्टुलावर बसले की उघडायची आणि विचारायची, "आली काय?"

जानकीच्या आईचा फोन लागत नव्हता. भट्टी भिवंडीच्या बाजूला आहे, एवढंच ठाऊक होतं. नंदूकाकाने कंपनीत सुट्टी टाकली आणि मोटरसायकल काढली. ज्याच्या घराण्याचं नाव जानकीमुळे गेलं होतं, तो माणूस तिला शोधत एका भट्टीवरून दुसऱ्या भट्टीवर हिंडला. विटांच्या धुरळ्याने मिशी लाल करून परत आला. मुकादमाने माणसं दुसरीकडे हलवली होती. कुठे, ते कोणाला नीट सांगता येईना. त्याने जिथे तिथे आपला नंबर सांगून ठेवला होता. तो मोठीबायच्या खाटेपाशी गुडघ्यांवर बसला, डोकं तिच्या उशीजवळ नेलं आणि म्हणाला, "येते, मोटे. वाटेत हाय." तिने त्याच्या मिशीवरून हात फिरवला. "खोटं तुला जमत नाय, नंद्या," ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी पहाटे ती गेली.

आमच्याकडे बाराव्याला, गेलेल्या बाईची एक साडी तिच्या जवळच्या कोणा बाईला नेसवतात. मोठीबायने जन्मात कधी लहान मुलींचे कपडे घातले नाहीत. सुमनकाकी पाचवारी साडी रुंदीत आणि लांबीत कापून, काठ पुन्हा जोडून तिला नेसायला द्यायची, आणि अशा साड्यांची एक थप्पी कपाटात होती. त्या कोणाला नेसवायच्या? आळीतली एक म्हातारी म्हणाली, एखाद्या लहान पोरीला द्या, खेळेल. सुमनकाकीने तिच्याकडे असं पाहिलं की म्हातारी उठून घरी गेली. "कोनाला नाय देनार," काकी म्हणाली. "राहतील कपाटात." मग ती तिथेच कपाटाला टेकून रडली.

बाराव्याच्या दुपारी, जेवणं आटोपत असताना, जानकी आली. कुठल्याशा भट्टीवरच्या चहावाल्याने नंदूकाकाचा निरोप पोचवला होता. आईच्या कडेवरून उतरून ती अंगणात उभी राहिली. अंगात बाजारातला लहान पोरींचा फ्रॉक, त्यावर अस्वलाचं चित्र, आणि त्या अस्वलाच्या वर तिशीतल्या बाईचा, प्रवासाने सुकलेला चेहरा. ती सरळ मोगऱ्यापर्यंत गेली, एका झुडपात शिरली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. आम्ही कोणी हाक मारली नाही.

ती बाहेर आल्यावर सुमनकाकीने तिला हाताला धरून आतल्या खोलीत नेलं. थप्पीतली हिरवी साडी काढली. मोठीबाय ती सणाला नेसायची. काकी गुडघ्यांवर बसून तिला नेसवू लागली. जानकीने आयुष्यात साडी नेसलेली नव्हती. ती हात दोन्हीकडे पसरून श्वास रोखून उभी होती. निऱ्या खोवून झाल्या, पदर खांद्यावर आला. काकी मागे सरून बघू लागली. साडी जरा लांब होत होती. खालचा काठ जमिनीवर बोटभर लोळत होता.

"लांब होतंय गो तुला," दारातून नंदूकाका म्हणाला.

"काय नाय, काट उसवून बोटभर कापते," काकी म्हणाली आणि शिवणाच्या डब्यातून कातर काढली. "अडकून पडशील नायतर."

जानकीने निऱ्या दोन्ही मुठींत धरल्या आणि एक पाऊल मागे घेतलं.

"नको कापू, काकी," ती म्हणाली. "ती माज्यापेक्षा उंच व्हती."

काकीने कातर बाजूला ठेवली आणि लोळणारा काठ तिच्या पावलांभोवती हाताने नीट पसरून दिला.